चौकातला आमचा फोटो

३ मार्च
सकाळपासून झेंडेच. राजधानीत बॉम्ब फुटला तेव्हापासून गल्लीत जो तो झेंडा शिवून मागतोय. कड दुमडून दुहेरी टीप मारावी लागते, नाहीतर वाऱ्याने उसवते. मशीन कुरकुरते, मीही कुरकुरतो. पण खरं लिहितो — पायडल मारताना छाती भरून येते. या वयात!

५ मार्च
स्मारक समितीची मुलगी आली. आपल्या स्टेशनवरच्या जुन्या स्फोटात गेलेल्यांचेही फोटो आता चौकात लावणार म्हणाली. आमची ही त्यात गेली. इतकी वर्षं कुत्रं विचारत नव्हतं, आता एकदम सगळ्यांना आठवण!
हिचा एकटीचा फोटोच नाही. लग्नानंतर स्टुडिओत काढलेला जोडीचा, तो एकच. दिला. परत मिळेल ना, म्हणून दारापर्यंत मागे मागे गेलो. "आजोबा, जिवापलीकडे जपते," म्हणाली.
हरवला तर?

६ मार्च
फोटो आला नाही.

९ मार्च
आला. भिंग लावून पाहिला. ओरखडा नाही. उगीच त्या पोरीला मनात बोल लावले.

११ मार्च
चौकात गेलो होतो. भला मोठा फलक, वर झेंडा, खाली 'देश तुम्हाला विसरणार नाही'. गेलेल्यांचे चेहरे ओळीने — आणि हिच्या शेजारी मी! हारासकट!
शाळेची पोरं एकेक पुढे येऊन सलाम ठोकत होती. मलाही. मी मागच्या रांगेत उभा. फोटोत मिशा आहेत, डोक्यावर रान आहे. ओळखणार कोण? शेजारचा न्हावी माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता, त्यालासुद्धा कळलं नाही.
राष्ट्रगीत लागलं तसा ताठ झालो. डोळ्यांना धार लागली. आता ही काही देशासाठी गेली नव्हती. बहिणीकडे निघाली होती, जाताना माझ्याशी भांडून. सरकारला तर रोज शिव्या हासडायची. पण पोरांनी सलाम केला तेव्हा वाटलं, असू दे. हिच्यासाठी आज अख्खा चौक उभा राहिला.
पण माझं काय? जिवंत माणसाला हार! घरी येऊन नाडी चाचपली.

१२ मार्च
समितीच्या कचेरीत गेलो. कारकुनाला म्हटलं, फलकावरचा एक माणूस जिवंत आहे. कोण, म्हणाला. मी म्हटलं, मी.
त्याने कप खाली ठेवला. माझ्याकडे निरखून पाहिलं. "आजोबा, हयातीचा दाखला आणलाय का?" स्वतःच हसला, मग ओशाळला. छापणाऱ्याने जोडीचा फोटो बघून दोघंही गेली असं धरलं, असं काहीसं सांगत होता. उद्या मंत्री यायच्या आत माझा चेहरा काढून टाकतो म्हणाला. काढलाच पाहिजे. असं फार दिवस राहिलं तर खरं व्हायचं.

१३ मार्च
मंत्री येऊन गेले. चेहरा तसाच! मी रागाने फलकासमोर उभा. शेजारी माझ्याच वयाची एक बाई आली. वरच्या ओळीतला आपला मुलगा मला दाखवला. त्याच्या बुटाला पॉलिश करून ठेवते अजून, म्हणाली. मग खाली आम्हा दोघांसमोरही एकेक फूल ठेवलं. मी विचारलं, यांना ओळखत होता का. नाही म्हणाली.
"पण बघा ना, किती नशिबाची माणसं. सोबत गेली. मागे एकट्याने दिवस काढायला कुणी उरलं नाही."
मी हो म्हटलं.
घरी आलो. दिवा लावायचंही सुचलं नाही.

१४ मार्च
सकाळीच चौकात गेलो. कारकून शिडीवर चढलेला, हातात कात्री. म्हटलं, "खाली उतर बाबा. तिला एकटीला नको ठेवूस."