चांदीवर न उठलेली रेघ

पापडी, ३ नोव्हेंबर २०२४

चि. ॲनिशा बाय हिस,
पप्पांचे अ. उ. आ.

सोबत बाटली पाठवतो आहे. आत आपल्या विहिरीचे पाणी आहे. बाटली नवी घेतली, उगाच ओरडू नकोस. घरामागे रंगाच्या पिंपांचे गोदाम झाले तेव्हापासून पाण्याला वास येऊ लागला, म्हणून जूनपासून आपण चार घरे टँकरवर दिवस काढतो आहोत. आता चोवीस तारखेला तुझ्या फ्लॉईडदादाचे लग्न. आदल्या संध्याकाळी वाजतगाजत घरच्या विहिरीचे पाणी आणून नवऱ्याला न्हाऊ घालायचे, ही रीत माझ्या हयातीत मोडलेली नाही. टँकरच्या पाण्याने न्हाऊ घालू काय? सध्या वास गेला आहे. तू तिथे चांदीवर लेझर टाकून पाण्यातले विष ओळखतेस म्हणे. मग ओळख. आणि लेखी कळव, फोनवर तू नुसती हं हं करतेस.

आई म्हणते, केस कापून येऊ नकोस. आहेत तसेच लांब ठेव.

तुझा पप्पा,
प्लासिड मास्तर


बंगळुरू, १४ नोव्हेंबर

ती. पप्पांना,
सा. न. वि. वि.

तपासलं. विष नाही. खडबडीत चांदी पाण्यात बुडवली आणि तिला रसायन चिकटलं, की लेझरच्या उजेडात त्याची खूण लाखपट ठळक होते. प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या. आपल्या पाण्यात एकही रेघ उठली नाही. आमच्या प्रयोगशाळेत मशीन एकच, मला वीस मिनिटं मिळाली, तुमच्या लग्नघाईपुरती तेवढी पुरली. पाणी आणा, न्हाऊ घाला, खुशाल प्या.

केस आधीच कापलेत. आईला तुम्हीच सांगा आणि माझ्यावरचा राग दादाच्या लग्नापर्यंत आवरून धरा.

तुमची,
ॲनिशा


पापडी, १० जानेवारी २०२५

चि. ॲनिशास अ. उ. आ.

लग्नाच्या धांदलीत सांगायचे राहिले. तुझे पत्र मी विहिरीपाशी उभा राहून वाचून दाखवले होते. शेजारच्या रोझलिनला पटेना, तिने पुन्हा वाचायला लावले. मग कुठे कळशी सोडली. टँकर चौघांनीही बंद केला आहे. मास्तराची पोर खोटे लिहायची नाही, असे रोझलिन म्हणाली. मला किती बरे वाटले म्हणून सांगू.

तिची तब्येत मात्र उतरली आहे. डोळे पिवळे दिसतात. कॉन्रॅड तिला झाडपाल्याचे औषध देतो, नवऱ्याचे ती ऐकते हेच नवल. तुझी नवी वहिनी इझाबेल तिला पेज नेऊन देते. आठवण ठेवावी.

पप्पा


बंगळुरू, २० फेब्रुवारी

ती. पप्पांना,
सा. न. वि. वि.

काल फोनवर सांगितलं तेच, तुम्ही मागितलं तसं लेखी देते. विहीर बंद करा. त्या पाण्यात रसायन आहे.

उरलेलं पाणी फ्रिजमध्ये होतं. नव्या मुलीला शिकवायला काढलं आणि चांदीला वीज जोडली. विजेचा ऋण दाब वाढवत नेला तशी रेघ उठली, मग दुसरी. तीनदा केलं. हे रसायन एरवी चांदीकडे फिरकत नाही, दाब दिला की वळतं आणि चिकटतं. दाब बदलत बघणं हेच माझं चार वर्षांचं काम आहे, पप्पा. त्याला दोन तास लागतात. घरचं पाणी म्हणून मी तेवढंच करायचं सोडलं. दिसलं नाही, एवढंच लिहायचा मला हक्क होता.

रोझलिन मावशीला आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात न्या. डॉक्टरांना हा कागद दाखवा. आईला, वहिनीला तपासून घ्या, तुम्हीही घ्या. मला क्षमा करा असं म्हणायचं धाडस होत नाही.

ॲनिशा


पापडी, ४ मार्च

चि. ॲनिशास अ. उ. आ.

रोझलिन शुक्रवारी गेली. तुझा कागद पोचला तेव्हा ती हॉस्पिटलात होती, पण शुद्धीवर नव्हती. डॉक्टर पाण्याचे नाव घेत नाहीत, नाही असेही म्हणत नाहीत. आमचे रक्त तपासायला दिले आहे. मातीला सगळा गाव होता. कॉन्रॅड माझा हात धरून उभा राहिला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

विहिरीवर फळ्या ठोकल्या. तरी लोक म्हणतात, मास्तर, पहिला कागद खरा की दुसरा? काल संध्याकाळी दुसरा वाचायला उभा राहिलो. पहिल्या ओळीपुढे जाता आले नाही. बाय, घाई माझी होती, ते मी सगळ्यांसमोर सांगितले. पण आता माझ्या वाचण्यावर कुणाचा विश्वास नाही, आणि उरलेल्या दोन घरांतून अजून फळी सरकवून पाणी काढतात.

तू ये. तूच वाच. मी शेजारी उभा राहीन.

पप्पा