समोरच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

अण्णा,

‘कॉफी पाणचट झालीय,’ असं तू पंचांगात तोंड घालून पुटपुटलास, ते मला ऐकू आलं. दुसरी करून झाकून ठेवली आहे.

मी कोइमतूरला निघते आहे, वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या कामावर. राहुकाळ आहे, ठाऊक आहे. सोमवारी साडेसात ते नऊ गल्लीत कुणी पाऊल टाकत नाही, म्हणजे ‘कोमळम, कुठं निघालीस?’ असंही कुणी विचारत नाही.

चांगली वेळ बघून प्रस्थान म्हणून माझी पिशवी तू समोर जानकीमामींकडे नेऊन ठेवलीस, त्याला आठ महिने झाले. मामी म्हणतात, ‘पिशवीचं नाव आता आमच्या रेशनकार्डात घालते.’ अख्ख्या गल्लीला तू कॉफी निवायच्या आत मुहूर्त काढून देतोस. माझ्याच वेळी कधी नक्षत्र वाईट निघतं, कधी वार.

हे वाचशील तेव्हा मी मामींच्या ओट्यावर पिशवीशेजारी बसलेली असेन. त्यापुढे पाय उचलेल असं वाटत नाही. बाहेर ये आणि ‘जा’ म्हण, नाहीतर ‘जाऊ नकोस’ म्हण. पंचांग घरातच ठेव. खोट माझ्या नक्षत्रात नाही, अण्णा. वहिनी गेल्यापासून तुला या घरात एकट्यानं राहायची भीती वाटते.

कोमळम