सरबताच्या बाटलीतलं फिनेल

आई, तुझा पणतू काल हॉस्पिटलमधून घरी आला. जिवावरचं टळलं, पण घसा बसलाय आणि गिळताना डोळे गच्च मिटतो. तीन वर्षांचं पोर, त्याला काय कळतंय! दारावर येणाऱ्या फिनेलवाल्याकडून मी सुटं फिनेल घेतलं, सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि ओट्याखाली ठेवलं. रंगही मेला गुलाबी. मी पोळ्या लाटतेय, मागे ठसका ऐकू येतो, वळून बघते तर बाटली त्याच्या हातात आणि हनुवटी ओली. लहानपणी घाटकोपरच्या चाळीमागे मी चंद्रज्योतीच्या विषारी बिया खाल्ल्या होत्या, तेव्हा तू पाठीत धपाटा घालून मला मिठाचं पाणी पाजलं होतंस, उलटी होईपर्यंत. तेवढंच मला ठाऊक, तेच मी केलं. डॉक्टरीणबाई भडकल्या. "आजी, उलटी कशाला काढलीत? जाताना घसा पोळला, येताना परत पोळला. फुप्फुसात गेलं असतं म्हणजे? काही न पाजता बाटली घेऊन सरळ इथे यायचं ना!"

आता मुलुंडच्या या घरात दुपारभर मी एकटी असते. मुलगा म्हणाला, "आई, रागावलो नाहीये गं. पण सध्या तो पाळणाघरातच बरा." सुनेने औषधं, काडेपेट्या, ॲसिड, सगळं वरच्या कपाटात टाकून कुलूप लावलं. मला एका शब्दाने बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं. तो परत माझ्याकडे राहील की नाही, हे विचारायचीसुद्धा भीती वाटते.

हॉस्पिटलात सगळ्यांसमोर मी म्हणून गेले, "आमच्या आईचीच सवय हो, रिकामी बाटली टाकवत नाही." सुनेचा चेहरा जरा निवळला. म्हणाली, "जाऊ दे आई, जुन्या सवयी सुटत नाहीत." मला इतकं हायसं वाटलं की पुढचं मी गिळूनच टाकलं. तू रॉकेलची बाटली दारावरच्या फळीवर ठेवायचीस, गळ्याला खुणेची काळी चिंधी बांधून. गुडघे धरलेले असताना स्टुलावर चढून काढायचीस, पण खाली कधी ठेवली नाहीस. ओट्याखालची जागा माझी. वाकलं की हाताला येते, म्हणून. हे सुनेला अजून सांगितलेलं नाही, आणि सांगेन असंही वाटत नाही. तू आता उलट बोलायला नाहीस हे माहीत होतं, म्हणून तुझं नाव घेतलं.