पलंगाखालच्या चार विटा

नाशिकरोड, ५ फेब्रुवारी

आदरणीय झुंबर दाजी यांना सावळीरामचा सप्रेम जय भीम.

तुमची तब्येत ठणठणीत असेल, आक्काचे गुडघे थंडीत कुरकुरत असले तरी चालत असतील आणि तुमचा हरवलेला चष्मा सापडला असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे मी सोडून सगळे. फोन न करता स्पीड पोस्टाने पत्र पाठवतोय, त्याचं नवल वाटून घेऊ नका. या घरात मी फोन कानाला लावला की आमची सुलाबाई भाजी निवडायला माझ्याच शेजारी येऊन बसते आणि सूनबाई मिक्सर बंद करते. मग मनातलं बोलायचं कुठे?

चंदरच्या मुलीच्या, आशाच्या साखरपुड्याला तुम्ही आला नव्हता (ताप होता म्हणे, असो). मी पहिल्याच पंगतीला बसलो. रस्सा तीन वाट्या घेतला, जिलबी घेतली, वर चहा घेतला आणि हॉलच्या मागच्या खोलीत सतरंजीवर जरा आडवा झालो. यात माझं काय चुकलं? पंधरा मिनिटांत छातीच्या मधोमध असा जाळ उठला की मी घामाघूम झालो. आमच्या पोराने, राकेशने मला रिक्षात घातलं. मागून पाहुण्यांच्या आणखी चार रिक्षा. नवरा मुलगा हातातला घास टाकून आला. हॉस्पिटलात छातीला वायरी लावून पट्टी काढली, रक्त तपासलं, आणि तो डॉक्टर सगळ्यांदेखत हसून म्हणाला, “काका, हार्ट एकदम मस्त आहे. ॲसिडिटी झालीये तुम्हाला.”

ॲसिडिटी, दाजी! बाहेर एवढी माणसं उभी, सुलाबाईचे डोळे रडून सुजलेले, चंदरने शहाळी आणलेली, आणि माझ्या वाट्याला काय, तर ॲसिडिटी. मी वाचल्याचा आनंद दोन मिनिटं टिकला. मग एकेकाला आपलं जेवण अर्धवट राहिल्याची आठवण झाली. कोणी माझ्याकडे धड बघेना. शहाळी चंदर परत घेऊन गेला. सगळी.

डॉक्टरने कागदावर चित्र काढून समजावलं. अन्ननलिका पोटाला मिळते तिथे म्हणे एक झडप असते. ती अन्न खाली सोडते, वर येऊ देत नाही. माझी सैल पडली आहे, म्हणून पोटातलं आम्ल वर येतं आणि जाळतं. भरल्या पोटी आडवं झालं की जास्तच. हे तो मला सांगतो! चौतीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी दुसरं काय केलं? बॉयलरच्या पाण्याच्या लाइनवर असाच एकेरी व्हॉल्व्ह असतो, पाणी पुढे जाऊ देतो, मागे फिरू देत नाही. माझ्या पाळीत एकही गळला नाही, आणि माझ्याच अंगातला गळावा? बरं, गळतोय तर नवा बसवा म्हणालो, तर म्हणे आधी आठ किलो वजन उतरवा.

तेव्हापासून घरात सूनबाईचं राज्य आहे (अंजली गुणी मुलगी आहे, त्रास त्याचाच आहे). उपाशीपोटी चहा बंद. तळलेलं बंद. रात्रीचं जेवण संध्याकाळी सातला, आणि नंतर तीन तास आडवं व्हायचं नाही, त्यामुळे मी वॉचमनसारखा खुर्चीत बसून असतो. पँटचा पट्टा काढून घेतला, आता नाडीवर दिवस. शेजारच्या मंगलाबाई थंड दूध घेऊन आल्या, तर त्याने घटकाभरच बरं वाटतं म्हणून तेही परत. आणि कहर म्हणजे पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा! उशा रचून चालत नाही म्हणे, पोट दुमडतं, सगळा पलंगच तिरका हवा. मी झोपतो उशाला आणि सकाळी सापडतो पायथ्याला. सुलाबाई माझ्याआधीच तिथे पोचलेली असते.

गेल्या रविवारी चालायला म्हणून निघालो आणि चंदरबरोबर मिसळीकडे वळलो. (नाशिकात राहून रविवारी माणसाने दुसरीकडे कुठे वळायचं?) तर्री मी फक्त दोनदा मागितली. पण त्या शहाण्याने फोटो काढून ग्रुपवर टाकला. मी घरी पोचेपर्यंत अंजलीने फोटोतली माझी वाटी मोठी करून बघितली होती. मग माझ्या कपाटाची झडती झाली. गुलाबी औषधाच्या बाटल्या निघाल्या, चघळायच्या गोळ्यांची दहा वर्षांची रिकामी पाकिटं निघाली, आणि त्या गडबडीत माझ्याच तोंडून निघून गेलं की दिवाळीपासून भाकरीचा घास छातीत अडकतो आणि पाण्याने खाली ढकलावा लागतो.

अंजलीने मला तसंच डॉक्टरकडे नेलं. या वेळी तो हसला नाही. रोज नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची गोळी दिली, पण घास अडकतो म्हणजे दुर्बीण घालून आत बघायलाच हवं म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. नळी गिळायला मी काय जादूगार आहे? घरी सुलाबाई भाकरी थापत होती. मान न वळवता म्हणाली, “प्लांटमधल्या पोरांना काय सांगायचात? बाहेरून ठोकून अंदाज करू नका, उघडून बघा. मग आता का?” चौतीस वर्षं मी घरी येऊन जे जे बोललो, ते ऐकत नसल्यासारखं दाखवून या बाईने पाठ करून ठेवलंय. याला विश्वासघात नाही तर काय म्हणायचं?

तेव्हा माझा निर्णय पक्का आहे. दुर्बीण घालून घेणार नाही. मिसळ आणि विटा यांचं काय ते नंतर बघू. आक्काला जय भीम सांगा, पण पत्र वाचायला देऊ नका.

आपला,
सावळीराम

ता. क. तारीख मिळाली आहे. मंगळवार, दहा तारीख, सकाळी नऊ. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं आहे.

ता. क. २. मागच्या वर्षी तुमची दुर्बीण झाली, तेव्हा तुम्ही आत जाताना आक्काचा पदर धरला होता, ही गोष्ट मी निदान चार लग्नांत हावभावांसकट सांगितली आहे. ती मागे घेतो. नळी आत जाताना श्वास नाकाने घ्यायचा की तोंडाने?

ता. क. ३. सोमवारी संध्याकाळच्या एसटीने या. राकेशने रजा काढली आहे, सुलाबाई तर आहेच. पण त्यांच्यासमोर मला घाबरता येत नाही. तुमच्यासमोर येईल.