बेअरिंगचा कान मी पास केला

ती. चतुराताईस भिवाचा सप्रेम जय भीम.

आम्ही सगळी मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे? राजगुरुनगरात थंडी पडली असेल, मोजे घालत जा. (मी दिलेले अजून पिशवीतच असणार, मला ठाऊक आहे.)

इकडची हकिकत अशी, की आमच्या बेअरिंगचा (माझा बोका, चाकणच्या कंपनीत बेअरिंगच्या खोक्यात सापडला, म्हणून हे नाव) कान बिघडला. सारखी मान झटकायचा, मागच्या पायाने कान ओरबाडायचा. आत चहाच्या पत्तीसारखा काळा भुगा. मी तीस वर्षं कंपनीत क्वालिटी तपासण्यात काढलेली. म्हटलं मळ आहे, आणि खोबरेल सोडलं. त्याने मान झटकली, तेल सूनबाईच्या लॅपटॉपवर. मग साक्षी (सूनबाई तीच) आम्हा दोघांना पिंपळे सौदागरला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, वाटेत दोघांवर सारखीच करवादत. बाईंनी तो भुगा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला बघायला लावलं. ताई, आत पांढरे किडे चालत होते, शिफ्ट सुटल्यावर गेटातून माणसं निघतात तसे! मला तर कौतुकच वाटलं.

बाईंनी औषध दिलं. तीन आठवडे न चुकता घाला म्हणाल्या, आणि तेलबिल बंद. आठव्या दिवशी कान स्वच्छ. मी बॅटरी मारून तपासला, पास केला आणि औषध कपाटात ठेवलं. (साक्षी म्हणाली, पपा, कोर्स पूर्ण करा. मी म्हटलं, इन्स्पेक्टर कोण?) आत अंडी राहिली असतील हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. पंधरा दिवसांत भुगा परत हजर. आता मात्र पूर्ण कोर्स झालाय, बाईंनी स्वतः पास केलंय, आणि साहेब माझ्या मांडीवर घोरताहेत. मी अगदी सुखात आहे.

तुझा धाकटा,
भिवा

ता.क. तुझा कुत्रा शेरू अजून मान झटकतो का? त्याला शेजारच्या आक्काबाईची नजर लागली म्हणून तू चाळीस वर्षांचा शेजार विसरून तिच्याशी बोलणं टाकलंस, असं तुझा नातू सोनू सांगत होता. नजरबिजर काही नसतं, हे लहानपणी मला तूच शिकवलंस ना?

ता.ता.क. मी कान पास केला आणि दुसऱ्याच दिवशी बेअरिंगला घेऊन तुझ्याकडे राहायला आलो. चार दिवस तो आणि शेरू एकाच पोत्यावर झोपले. हे किडे एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जातात, हे बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फोनवर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून पत्र. रविवारी गाडी घेऊन येतो, शेरूला बाईंकडे नेऊ. त्याआधी आक्काबाईकडे जा. मी पोचेन तेव्हा तुम्ही दोघी एका ओट्यावर बसून मला शिव्या घालत असाल, तर पत्र मिळालं असं समजेन.