बोरसोकावरची शपथ

१२ जुलै, शनिवार. सकाळी, बिश्केकहून निघण्यापूर्वी.

काल जेवताना शपथ घेतली. नेमके शब्द लिहून ठेवतो, पुढे स्वतःशीच वाद नको: "यंदा त्या लाल बोयाला हात लावून दाखवतो. नाहीतर हा नान मला लागो." हात नानवर होता, आणि नानची शपथ आमच्याकडे मोडत नाहीत. मीरिमनं एवढंच विचारलं होतं, की बाबा, या वर्षी तरी सरोवरातल्या त्या तरंगत्या बोयापर्यंत पोहत जाऊ या का आपण दोघं. एरवी मी "बघू" म्हणतो. काल म्हटलं नाही. ती तेरा वर्षांची आहे आणि सप्टेंबरात निवासी शाळेत जाते आहे. पुढच्या उन्हाळ्यात तिला माझ्याबरोबर बोयापर्यंत जावंसं वाटेल याची खात्री नाही.

नोंद: मला पोहता येतं. सराव नाही, इतकंच. माझा जन्म त्याच सरोवराकाठचा. नवव्या वर्षी धक्क्यापासून काकांच्या मासेमारीच्या होडीपर्यंत पोहत गेलो होतो. मीरिमनं चौथीत त्यावर निबंध लिहिला, त्याला बक्षीसही मिळालं.

तापमापक घेतला. ऑफिसचा आहे, पण जलमापन खात्यात एकोणीस वर्षं काढल्यावर एवढा हक्क असावा. नसावा का? परत आल्यावर विचारून घेईन.

त्याच दिवशी, संध्याकाळ. बोस्तेरी, सरोवराकाठ.

आपा (माझ्या सासूबाई) पुढच्या सीटवर बसल्या. वाटेत बालिकचीला त्यांनी धुरावलेला मासा घेतला आणि मांडीवर ठेवला. उरलेला रस्ता गाडीत आम्ही चार नव्हे, पाच जण असल्यासारखं वाटत होतं.

खोली चांगली आहे. खिडकीतून बोया दिसतो. पडदा लावून घेतला, ऊन येत होतं.

१३ जुलै, रविवार.

सकाळी आठ वाजता पाणी साडेएकोणीस अंश. बरेच दिवस न पोहलेल्या माणसानं एकवीसच्या खाली उतरू नये. हा नियम मी आजच केला, पण तो योग्य आहे.

मीरिम पोहण्याचा पोशाख घालून दोन तास माझ्या शेजारी वाळूवर बसली. पाण्यात गेली नाही. तू जा ना, म्हटलं. म्हणाली, तुमच्याबरोबरच जाईन. किती ओढ आहे पोरीला माझी. बरं वाटलं. मग अस्वस्थ वाटलं. मग उकडलेली कणसं घेऊन आलो.

सुट्टीत आराम करायचा असा संकल्प होता. आज किनाऱ्यावर बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. बुरुल (माझी बायको) म्हणाली, बसा तरी, तुमच्या येरझाऱ्यांनी वाळूत वाट पडली आहे. बुरुल शाळेत गणित शिकवते. बारा हा आकडा तिचा.

१४ जुलै, सोमवार.

साडेवीस. अर्धा अंश म्हणजे फार नव्हे. उतरणारच होतो, पण आपांनी आशल्यानफू मागवलं. गार आंबट रस्सा, शेवया, वर लाल मिरचीचा ठसका. दोन वाट्या खाल्ल्या. भरल्या पोटी पोहणं धोक्याचं असतं हे सगळ्यांना माहीत आहे. मीरिमला समजावून सांगितलं. तिनं किती वेळ थांबायचं ते विचारलं. मी तीन तास म्हणालो. तिनं घड्याळ लावलं. तीन तासांनी मी जर्दाळू खात होतो.

रात्रीसाठी संकल्प: उद्या उपाशी.

१५ जुलै, मंगळवार.

एकवीस अंश. उपाशी. वारा नाही. ढग नाहीत.

किनाऱ्यावर उभा असताना एक गोष्ट लक्षात आली आणि तिनं दिवसभर पिच्छा सोडला नाही. शपथ घेतली तेव्हा तळहात तेलकट झाला होता. मी तो पँटला पुसला होता. खोलीवर येऊन पँट तपासली. डाग आहे. नानला तेल नसतं. बुरुल बोरसोक नेहमी नानच्या शेजारीच ओतते, ढीगभर, त्यातले चारदोन नानवर घरंगळतात. म्हणजे माझा हात बोरसोकावर होता.

तळलेल्या कणकेच्या तुकड्यावर घेतलेली शपथ नानची शपथ होते का? मी पळवाट शोधत नाही. पण चुकीच्या वस्तूवर घेतलेली शपथ पाळणं हाही एक प्रकारचा अप्रामाणिकपणाच नाही का? शोध घ्यायला हवा. तोवर पाण्यात उतरणं घाईचं होईल.

मीरिमला डोकं दुखतं सांगितलं. ते खरंच दुखायला लागलं, त्यामुळे खोटं ठरलं नाही.

१६ जुलै, बुधवार. वॉटर पार्क.

विचार असा होता, की घसरगुंडीवरून पाण्यात पडायची सवय झाली की बोया सोपा. निळी घसरगुंडी निवडली, कारण लाल फार वळणांची होती. वर पोचल्यावर दिसलं, की निळीला वळणंच नाहीत. सरळ खाली. उताराचा कोन पन्नास अंशांपेक्षा जास्त असावा. मापल्याशिवाय अशा ठिकाणी स्वतःला सोडून देणं मला पटत नाही.

शिडीनं खाली उतरलो. शिडी वर येणाऱ्यांसाठी आहे. सुमारे तीस मुलांना बाजूला व्हावं लागलं. एका छोट्या मुलीनं मला विचारलं, आजोबा, तुम्ही काही विसरलात का. हो म्हणालो. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे.

मीरिम खालीच थांबली होती. तीही घसरगुंडीवर गेली नाही. माझ्यासाठीच थांबली असणार. आपांना दोन कबाब आणि बाटलीभर माकसिम (धान्याचं आंबवलेलं पेय) मिळालं, त्यांचा दिवस छान गेला.

१७ जुलै, गुरुवार.

घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात आपा बोरसोक तळायला बसल्या. दर गुरुवारी मृतांच्या नावानं तळतात त्या. संधी साधून मी सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हटलं, समजा एका माणसानं नानची शपथ घेतली, पण हात चुकून बोरसोकावर पडला, तर?

आपांनी झारा थांबवला नाही. म्हणाल्या, "पीठ ते पीठच. तेलात पडलं म्हणून मुकं होतं का?"

मी म्हणालो, तरी काही फरक असेलच ना.

"आहे ना. नानची शपथ जेवायला बसलेले ऐकतात. बोरसोकाचा वास वर जातो. वरची माणसं ऐकतात. तुझ्या बापानंही ऐकली असेल. कसली शपथ घेतलीस, पोरा?"

मी म्हणालो, एका सहकाऱ्याचं विचारत होतो.

"त्याला सांग, बोरसोकाची जास्त जड असते."

म्हणजे पळवाट शोधायला गेलो नसतो तर ओझं हलकंच राहिलं असतं. (पळवाट शोधत नव्हतो.)

आपांना विचारलं, तुम्हाला पोहता येतं का. म्हणाल्या, नारिनच्या डोंगरात नदी ओलांडायची तर घोडा पोहतो, आपण बसतो. घोड्याला येतं, मला कशाला?

माझे बाबा वरून ऐकत असतील तर त्यांना होडीची गोष्टही माहीत असणार. त्या दिवशी ते धक्क्यावरच होते.

१८ जुलै, शुक्रवार.

बावीस अंश. यापुढे तापमान लिहिण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी मोठ्या पाळण्यात बसलो. चौघं एका डब्यात. वरून सगळं सरोवर दिसलं. बोया म्हणजे एक लाल ठिपका. किनाऱ्यापासून बोयापर्यंत पाणी फिकट हिरवट, आणि बोयाच्या पलीकडे एकदम गडद निळं. मीरिमला म्हटलं, बघ, रंग किती सुंदर बदलतो. ती म्हणाली, बाबा, परवा आपण घरी जाणार.

मी म्हणालो, उद्या बोयापर्यंत जाऊ.

हे मी कसं म्हणालो ते कळत नाही. उंचीमुळे असावं.

खाली उतरल्यावर बुरुलनं बाजूला घेतलं. रागावली नाही, हेच वाईट. म्हणाली, "सतरा वर्षांत तुमचे केस ओले झालेले मी फक्त पावसात पाहिलेत. मला फरक पडत नाही. तिला पडतो. हो तर हो म्हणा, नाही तर नाही."

मी तिला सांगितलं, की एक योजना आहे. योजना आता करतो: पहाटे एकट्यानं जाऊन सराव. नवव्या वर्षी शिकलेलं शरीर विसरत नाही असं म्हणतात. शिकलेलं असेल तर.

१९ जुलै, शनिवार. सकाळी नऊ वाजता लिहितो आहे.

पावणेसहाला किनाऱ्यावर गेलो. कोणी नसेल असं वाटलं होतं. पाण्यात कोणीतरी होतं. कमरेएवढ्या पाण्यात, पाच लिटरचे दोन रिकामे कॅन छातीशी बांधून पाय झाडत होतं. पाय झाडून झाले की तोंडात पाणी जायचं, उभं राहून खोकायचं, परत सुरू. मी कपडे बदलायच्या खोपटाआड उभा राहिलो. बऱ्याच वेळानं कळलं, की ती मीरिम आहे.

निघून जावं असं वाटलं. ते तिच्या भल्यासाठी, असं मनात आलंही. मग तिनं मला पाहिलं.

सगळं एका दमात बोलली. नव्या शाळेच्या अर्जात विचारलं होतं, पोहता येतं का. तिनं लिहिलं, हो. कोणी शिकवलं? वडिलांनी. शाळेला तरणतलाव आहे, तीन सप्टेंबरला पंचवीस मीटर पोहून दाखवायचं आहे. तिला वाटलं होतं, आठ दिवस आहेत, बाबांबरोबर रोज बोयापर्यंत गेलं की येईलच. शिकवा म्हणायची लाज वाटत होती, कारण निबंधातल्या माणसाची मुलगी म्हणून आपल्याला आधीच यायला हवं होतं.

म्हणजे सहा दिवस ती माझी वाट बघत वाळूवर बसली होती, आणि मी कणसं आणत होतो.

मी बूट न काढताच पाण्यात उतरलो होतो हे तेव्हा लक्षात आलं.

म्हणालो, "मीरिम, मला पोहता येत नाही."

तिनं नाक पुसलं. "अजिबात?"

"अजिबात."

"आणि ती होडी?"

"होडी होती. मी होडीतच बसलो होतो. काका पोहत आले."

रडेल असं वाटलं, पण रडली नाही. म्हणाली, "बक्षीस परत द्यावं लागेल का?"

मला खरंच माहीत नाही. आपांना विचारायचं का, म्हटलं. दोघंही नको म्हणालो.

२० जुलै, रविवार. शेवटचा दिवस. दुपारी, सामान भरून झाल्यावर.

शपथ शपथच आहे, बोरसोकाची असली तरी. सकाळी साडेसातला आम्ही दोघं उतरलो. मीरिम दोन कॅन घेऊन, मी एक. आपा काठावर खुर्ची टाकून, मासा घेऊन. बुरुल उभी.

मी पुढे चालत होतो. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. आता पाय सुटणार, आता सुटणार, असं म्हणत डोळे मिटून कॅन घट्ट धरला, त्यावर डोकं टेकलं आणि चालत राहिलो. मग डोक्याला काहीतरी लागलं. बोया होता.

पाणी छातीपर्यंत होतं.

आल्यापासून मी तापमान मोजत होतो. एकोणीस वर्षं नद्यांची पातळी नोंदवतो. वरून फिकट रंग पाहिला, सुंदर म्हणालो. खोली मोजायची सुचली नाही. आपांनी काठावरून विचारलं, पोचलास का, घोडा कुठंय. बुरुल पहिल्यांदाच मोठ्यानं हसली.

परत येताना मीरिम माझ्यासमोर आडवी झाली. मी तिच्या पोटाखाली हात धरला आणि चालत राहिलो, ती पाय मारत राहिली. निम्म्या वाटेत म्हणाली, "बाबा, हात काढू नका." मग थोड्या वेळानं म्हणाली, "थोडा काढा." थोडा काढला. चार हात ती एकटीच गेली. मी मोजलं. काठाला आलो तेव्हा तिला धाप लागली होती आणि मला चक्कर येत होती.

म्हणजे हे पहिल्या दिवशीही करता आलं असतं. साडेएकोणीस अंशातही.

पहिल्या पानावरची शपथ परत वाचली. "बोयाला हात लावून दाखवतो." पोहून, असं कुठेच लिहिलेलं नाही. हात लागलाच नाही, डोकं लागलं. पण ते वरच्यांनी समजून घ्यावं.

घरी गेल्यावर रोज संध्याकाळी मीरिमला शहरातल्या तरणतलावावर न्यायचं ठरवलं आहे. तीन सप्टेंबरला शाळेतही मी जाणार. तसं तिला सांगितलं.

ती म्हणाली, या. पण आधी विचारून घ्या, तिथं उभं राहता येतं का.