आकाशी गाडीवरचे ओरखडे

आई, तुझी ती आकाशी गाडी भंगारात जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि तुला जाऊन त्याहून जास्त. तरी एक गोष्ट तुला विचारायची राहून गेली आहे. तुला नक्की कळलं होतं, की नुसता संशय होता?

ठाण्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी प्रॅक्टिस बंद केली तेव्हा तू ती गाडी त्यांच्याकडून घेतलीस. ठाकुर्लीचा दवाखाना, संध्याकाळच्या व्हिजिटा, तुला गाडी हवीच होती. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गाडी चालवणारी बाई तू एकटीच. बाबांना मात्र गाडी येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. एकदा तू त्यांना ठाण्याला त्यांच्या कॉलेजवर सोडलंस आणि फाटकातच त्यांचे एक सहकारी म्हणाले, "वा सर, ड्रायव्हर घरचाच!" बाबा हसले. पण त्यानंतर ते कधी तुझ्याबरोबर कॉलेजला आले नाहीत. हे मला तेव्हा लक्षात आलं नव्हतं. आता फार येतं.

पहिला ओरखडा दिसला तेव्हा तू म्हणालीस, पोरं असतील. मी कॉलेजात होते. रविवारी आपण दोघी खाली बसलो. तू पाण्याचा पॉलिश पेपर भिजवून हलक्या हाताने घासलास, पत्रा उघडा पडला होता तिथे प्रायमर लावलास, मग कल्याणहून मिसळून आणलेला रंग. नवा रंग जुन्या रंगाशेजारी उठून दिसत होता, जणू फाटलेल्या लुगड्याला नवं ठिगळ. तू हट्टाने रबिंगचं पॉलिश फडक्यावर घेऊन घासत राहिलीस. शेवटी एवढंच म्हणालीस, "उन्हानं जुना रंग फिका पडलाय गं. जुळायचा नाही तो कधी."

पंधरवडा झाला नसेल, दुसरा ओरखडा. आता तुझं डोकं फिरलं. वॉचमनला विचारलंस, वरच्या मजल्यावरच्या मुलांना विचारलंस, पेपरवाल्याच्या सायकलचं हँडल बघितलंस. आणि मग तुला खाडीवरून मासे घेऊन येणारी ती कोळीण आठवली. गाडीच्या बॉनेटवर पाटी टेकवायची म्हणून तू तिला आधी एकदा बोलली होतीस. जिन्यात सगळ्यांसमोर तिला विचारलंस, "सूड घेतलास का माझ्यावर?"

तिने पाटी खाली ठेवली. "डॉक्टरीन बाय, माजे दोनी हात पाटीला असतान. मी तुजे गारीला कनाला हात लावू? माजे नातवाला तू बरा केला, त्ये मी इसरले काय?"

"मग कोणी केलं?"

"त्ये तुजे घरात इचार," म्हणाली आणि गेली. तिला म्हणायचं होतं, तुमच्या इमारतीत. की खरंच तसंच म्हणायचं होतं? त्या दिवसापासून ती आपल्या जिन्यात आली नाही.

आणि ती येत नसतानाच तिसरा ओरखडा आला.

त्या संध्याकाळी तू गाडीपाशी उकिडवी बसली आहेस. मी दवाखान्याची बॅग घेऊन उभी. तू बोट ओरखड्यावरून हळूहळू फिरवते आहेस, फाटकाच्या बाजूने जिन्याच्या बाजूकडे. "इथं खोल आहे," तू म्हणतेस, "आणि तिकडे जाता जाता पुसट. म्हणजे आत येताना केलाय. आत येताना गाडी डाव्या हाताला येते." एवढं बोललीस आणि बोट पत्र्यावरून उचललंस. बाबा डावखुरे. फळ्यावरसुद्धा डाव्या हाताने लिहायचे. मी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

रात्री जेवताना तू विचारलंस, "आज लवकर आलात का?"

"नेहमीसारखाच. का गं?"

"काही नाही. भात वाढू?"

त्या जेवणानंतर मी घरात सगळ्यांचे हात बघायला लागले. बाबांच्या किल्ल्या खुंटीवर असल्या की उचलून बघायची. कशालाही निळं लागलेलं नव्हतं. पण किल्ली पुसता येतेच की. बाबा आल्याची चाहूल लागली की मी गॅलरीत जायची. ते वर बघून हात हलवायचे. गाडीपासून लांबून चालायचे, जरा जास्तच लांबून.

तू मला घेऊन कोळीवाड्यात गेलीस. ती कोळीण दारात जाळं विणत होती. तू म्हणालीस, "माझं चुकलं." तिने विचारलं, "गावला काय कोन?" तू म्हणालीस, "नाही." मला तेव्हा कळलं की तू खोटं बोलते आहेस, किंवा मला तसं वाटलं.

मग तो रविवार. तू बाबांना खाली बोलावलंस. ते इस्त्रीच्या पांढऱ्या लेंग्यात आले. तू भिजवलेला पॉलिश पेपर त्यांच्या हातात दिलास. "हा ओरखडा तुम्ही काढा."

"मला कुठं येतं यातलं?"

"मी सांगते. बसा."

गॅलऱ्यांतून लोक बघत होते. बाबा बसले. ओरखड्याच्या रेषेतच घासायला लागले, तर तू म्हणालीस, "तसं नाही, आडवं. हळू. उरलेला रंग जपून." त्यांच्या कपाळावर घाम आला. बऱ्याच वेळाने, मान वर न करता, त्यांनी विचारलं, "कळलं का कुणी केलं ते?"

"नाही," तू म्हणालीस. "आता शोधणारही नाही. घासा."

त्या दिवशी दुपारपर्यंत ते घासत होते. त्यानंतर गाडीला ओरखडा आला नाही. पुढच्या महिन्यात बाबा तुझ्या शेजारच्या सीटवर बसून ठाण्याला गेले. लोकांना वाटलं, किती छान जोडपं. असेलही. तुम्ही दोघं हसायचात, भांडायचात, आणि तुझ्या शेवटच्या आजारात बाबा तुझ्या उशापासून हलले नाहीत. मी मात्र त्या हसण्यातही काहीतरी शोधत राहिले. मला ते विसरता आलं नाही, आणि तुला विचारायचं धाडस झालं नाही. आता विचारतेय, तर हे पत्र टाकायला पत्ता नाही.

बाबा आता माझ्याकडे असतात. मी गाडी घेतली तेव्हा पेढे त्यांनीच वाटले. गाडी मी इमारतीच्या मागच्या गल्लीत लावते, तिकडे त्यांना चालत जाता येत नाही. बाबांना सांगितलंय, पुढे ऊन लागतं. ऊन दोन्हीकडे सारखंच लागतं, आई.